कडी

गौरी-गणपती जवळ आले की मला फोन येतात. यंदाचा पहिला आत्याचा. "अगं, अण्णांची बायपास झालीय. किती दिवस धरून बसणार? झालं गेलं गंगेला मिळालं. बापच आहे ना शेवटी."

आत्यावर राग नाही. पण ही वाक्यं मी सोळा वर्षं ऐकतेय, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

अण्णा मारायचे. आमटीत मीठ कमी-जास्त झालं की ताट भिंतीवर, मग आई, आणि आई हाताशी नसेल तर मी. गावात (सातारा जिल्हा, एवढं पुरे) त्यांना मान. सोसायटीच्या निवडणुकीत लोक त्यांना विचारून मत द्यायचे. ज्यांना आमच्या घरातलं ठाऊक होतं, ते "स्वभाव कडक आहे" म्हणायचे. चौदा वर्षांची असताना मी एकदा खोलीला आतून कडी लावून बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कडीच उचकटून काढली. दारावरची ती स्क्रूची चार भोकं बघत मी बारावीचा अभ्यास केला.

बाविसाव्या वर्षी पुण्याला निघून आले. एक पिशवी, दोन ड्रेस. मार्कशीट, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं घरीच राहिलं. आईने ते तांदळाच्या डब्यात लपवलं आणि दोन महिन्यांनी शेजारच्या काकू स्वारगेटला येणार होत्या, त्यांच्या हाती दिलं. नव्याने आयुष्य उभं करणं वगैरे म्हणतात ना, ते माझ्यासाठी पहिली दोन वर्षं निव्वळ कागद गोळा करणं होतं. रेशन कार्डावर नाव गावाकडे, राहायला धायरीत, आणि खोलीमालक विचारणार, "वडील काय करतात?"

आणि मधलं नाव. मराठी मुलीच्या नावात बरोब्बर मध्ये बाप बसलेला असतो. बँकेत कुणी पूर्ण नाव पुकारलं की पोटात गोळा यायचा. 2024 मध्ये राज्य सरकारने सरकारी कागदांवर आईचं नाव बंधनकारक करायचं ठरवलं, तेव्हा आमच्या ऑफिसात त्यावर विनोद झाले. मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. माझ्या कागदांवर त्याने काही फरक पडणार नव्हता, तरीही.

घरगुती हिंसाचाराचा कायदा सुनांसाठी असतो, असं मलाही वाटायचं. अण्णा एकदा ऑफिसच्या गेटवर येऊन तमाशा करून गेले, तेव्हा मैत्रिणीने मला ओढतच पोलिसांकडच्या महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षात नेलं. (टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांबरोबर हे काम सुरू केलं.) तिथल्या ताईंनी चहा मागवला आणि सांगितलं, 2005 चा हा कायदा, 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू, एका घरात राहिलेल्या लेकीलाही बापाविरुद्ध वापरता येतो. बहिणीला भावाविरुद्ध, आईला मुलाविरुद्ध. ऑफिसात यायचं नाही, फोन करायचा नाही, असा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी अर्ज केला नाही. आईला त्याच घरात राहायचं होतं. पण त्या रात्री मी पहिल्यांदा सलग झोपले. कुणाला गरज असेल तर, महिलांसाठी 181, आणि मनाचं ओझं बोलायला 14416. दुसरा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

बरं वाटायला लागलं ते मात्र आमटीमुळे. खोलीवर नांदेडची एक मुलगी होती. मी आमटी तीन-तीनदा चाखते, हे तिच्या लक्षात आलं होतं, पण विचारलं नाही कधी. एकदा खारट झालीच. मी हातात पळी धरून तशीच उभी. ती म्हणाली, "बटाटा टाक की एक," आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं. संपलं! एवढंच असतं ते, हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं.

आत्या, तुम्हा सगळ्यांना मी बरी झाले की नाही हे मी घरी आले की नाही यावरून कळतं. मी बरीच आहे. अण्णांच्या औषधाचे महिन्याला तीन हजार आईच्या खात्यावर जातात, एकदाही चुकलेले नाहीत. भेटायला मात्र येणार नाही. त्यांनी आजवर "चुकलं" म्हटलेलं नाही. कुणी मागितलीच नाही ती माफी मी देऊ कुणाला? आणि दारात मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला की आजही माझं हातातलं काम थांबतं, ते मी ठरवून करत नाही.

आईबद्दल लिहायचं टाळत होते. तिने मला कधी सोडवलं नाही, मध्ये पडली नाही, याचा राग माझ्या मनात आहे. तांदळाचा डबाही आहे.

गेल्या महिन्यात ती अर्ध्या तिकिटात एसटीने एकटी आली, वहिनीवर घर सोपवून. अण्णांचा हात आता उठत नाही, तोंड मात्र तेवढंच आहे म्हणाली. रात्री मी दाराला कडी लावली, सवयीने दोनदा ओढून बघितली. ती अंथरुणावरून बघत होती. थोड्या वेळाने अंधारात म्हणाली, "ही कडी कितीला मिळाली गं? आणि बसवायला सुतार किती घेतो?"