रिप्रेसर सुटला, पुढे काय?
लेखात लॅक ओपेरॉन (जिवाणूतला, लॅक्टोज ही दुधातली साखर पचवणाऱ्या जनुकांचा गट) छान सोपा करून सांगितलाय, पण 'लॅक्टोज आलं की रिप्रेसर सुटतो आणि जनुकं सुरू होतात' इथेच थांबणं पटलं नाही. रिप्रेसर, म्हणजे ही जनुकं बंद ठेवणारं प्रथिन, सुटला तरी काम रखडतच चालतं, कारण त्यांचा प्रमोटर (जनुकं वाचायला जिथून सुरुवात होते तो डीएनएचा भाग) मुळात कमकुवत. जनुकांची आरएनए प्रत काढणाऱ्या आरएनए पॉलिमरेज या एन्झाइमची तिथे नीट पकड बसत नाही. ग्लुकोज संपत आलं की सायक्लिक एएमपी (पेशीतला संदेश देणारा रेणू) वाढतं, ते कॅप नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि कॅप प्रमोटरशेजारी डीएनएवर बसून पॉलिमरेजला आधार देतं. तेव्हा कुठे लिप्यंतरण, म्हणजे ही प्रत काढणं, धडाक्यात सुरू होतं.

दुसरं, रिप्रेसरला सोडवतं ते लॅक्टोज नव्हे, त्यापासून बनणारं ॲलोलॅक्टोज. आणि ते बनवतं बीटा-गॅलॅक्टोसिडेज, म्हणजे याच ओपेरॉनचं एन्झाइम! मग पहिलं एन्झाइम आलं कुठून? रिप्रेसर अधूनमधून ऑपरेटरवरून (डीएनएवरच्या त्याच्या बसायच्या जागेवरून) निसटतो, त्या गळतीतून. पेशीत या रिप्रेसरचे जेमतेम दहाएक रेणू असतात. १९६६ मध्ये गिल्बर्ट आणि म्युलर-हिल या शास्त्रज्ञांनी तो वेगळा काढला, हे काय सोपं असेल?

ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल बनवणाऱ्या जनुकांचा रिप्रेसर मात्र उलट्या डोक्याचा. ट्रिप्टोफॅन चिकटल्याशिवाय तो ऑपरेटर धरतच नाही. त्यावरही लिहा की!