अस्तरापुरता अधिकार

भाच्याचं लग्न मे महिन्यात, पुण्यात, मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. अशा दिवशी शहाणा माणूस मलमलचा सदरा घालतो. पण मंगलाष्टकं संपेपर्यंत मामाला नवरदेवाच्या पाठीशी उभं राहायचं असतं, म्हणजे तो प्रत्येक फोटोत येणार. तेव्हा मला सूट शिवायचं ठरलं. कुणी ठरवलं, हे विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

लक्ष्मी रोडवर मी, बायको आणि भाच्याचे वडील, म्हणजे आमचे दाजी, असे तिघं गेलो. शेठजींनी पहिलाच ताका उलगडला. कडेला विणलं होतं, सुपर १२०. मला वाटलं, कमाल वेगमर्यादा असावी. शेठजी म्हणाले, हा लोकरीचा बारीकपणा. सुपर १०० म्हणजे तंतू जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन जाड, सुपर १२० म्हणजे १७.७५. त्या एका मायक्रॉनसाठी मीटरमागे किती जास्त पडतात ते ऐकून मीच थोडा बारीक झालो.

"टेरिवूल दाखवा," बायको म्हणाली.

टेरिवूल आलं. पण दाजींचा लेबलवर विश्वास नाही. त्यांनी कडेचा एक धागा ओढला आणि खिशातून काडेपेटी काढली. चहूबाजूंनी छतापर्यंत कापड, आणि मध्ये दाजी पेटती काडी घेऊन. शेठजींचा चेहरा धाग्याच्या आधी काळा पडला. "लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते," दाजी आम्हाला शिकवू लागले. "पॉलिस्टर असेल तर कडक मणी होतो." धागा जळला. केसाचा वास आला, आणि मणीही झाला. दाजींनी विजयी मुद्रेनं तो मणी शेठजींच्या तळहातावर ठेवला.

"दोन्ही आहे, दाजी," शेठजी शांतपणे म्हणाले. "म्हणून तर टेरिवूल म्हणतात."

मग रंग. ट्यूबलाइटखाली गडद निळा आणि काळा यांत काडीचा फरक दिसत नाही, म्हणून ताका घेऊन सगळे फूटपाथवर. तिथं उन्हात बायकोनं मत दिलं, दाजींनी दिलं, बांगड्या घ्यायला आलेल्या दोन अनोळखी बाईंनीही दिलं. निळा बहुमतानं पास झाला. सव्वातीन मीटर कापलासुद्धा. ज्याच्या अंगावर तो चढणार होता, त्यानं फक्त पैसे दिले.

टेलरकडे मी एकटाच गेलो. मास्तरांनी मापं घेतली, पोटाचा आकडा उगाच मोठ्यानं सांगितला आणि विचारलं, "साहेब, अस्तर कुठलं लावू?"

गेल्या आठवड्याभरात मला कुणी काही विचारलं, ते हे पहिल्यांदाच. "मी आणून देतो," मी छाती काढून म्हणालो. मास्तरांनी छातीचं माप पुन्हा घेतलं.

अस्तर कुठं मिळतं? मॅचिंग सेंटरमध्ये. तिथं काउंटरवर बायकांच्या तीन रांगा होत्या, आणि मी एकटा पुरुष, हातात कापडाचा तुकडा. "ब्लाउजला का?" पोरानं विचारलं. "मलाच," मी म्हणालो. तिन्ही रांगा वळल्या. घाईघाईत दोन मीटर सुती अस्तर घेऊन पळालो. उन्हाळा आहे, सुती गार राहील, असा आपला सरळ हिशोब.

मास्तरांनी ते दोन बोटांत चोळलं आणि बाजूला ठेवलं. "साहेब, हे शर्टाला धरून बसतं. कोटात हात घालाल तर शर्टाची बाही कोपरापर्यंत वर येईल. अस्तर सुळकन सरकलं पाहिजे." नेहमीचं पॉलिस्टर टॅफेटा सरकतं, पण त्यात वारा खेळत नाही, आत घामाचं तळं. मग त्यांनी कपाटातून एक मऊ, थंडगार तुकडा काढला. बेम्बर्ग. म्हणाले, सरकीला जी बारीक लव चिकटलेली राहते ना, तिच्यापासून हा धागा करतात.

"म्हणजे शेवटी कापूसच की!"

"कापूसच," मास्तर म्हणाले, "पण शिकलेला."

रंग विचारला तेव्हा मी आजूबाजूला पाहिलं. बायको नव्हती, दाजी नव्हते, फूटपाथ नव्हता. "राणी," मी म्हणालो. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं, मग खांदे उडवले. "आत कोण बघतंय!"

लग्नात मंगलाष्टकं संपेतो मी भिजून चिंब. बेम्बर्गनं आपलं काम चोख केलं, पण मे महिन्यापुढे ते बिचारं किती पुरणार? शेवटची अक्षता पडताच कोट उतरवला. बायकोनं तो घेतला, आणि निळ्या कापडाला हळदीकुंकू लागू नये म्हणून शिस्तीत उलटा करून हातावर टाकला. दिवसभर हॉलमध्ये ते राणी रंगाचं अस्तर तिच्या हातावर झळकत होतं. जेवणाच्या पंगतीत, विहिणींच्या फोटोत, पाठवणीला, सगळीकडे.

"अगं, ही शाल कुठून घेतलीस?" मावशीनं तिला विचारलं. "काय रंग आहे!"

बायकोनं पहिल्यांदाच त्या अस्तराकडे नीट पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा मावशीकडे.

"लक्ष्मी रोडवरनं," ती म्हणाली. "मीच निवडला."