डिस्को ९२ : न्यूयॉर्कचं एक स्टेशन कशानं चढलं आणि कशानं उतरलं

डिस्को रेडिओचा विषय निघाला की एकच गोष्ट ऐकायला मिळते. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर डिस्को रेकॉर्डींची पेटी स्फोटानं उडवली, आणि तिथून डिस्को संपला. दृश्य नाट्यमय आहे म्हणून ही गोष्ट टिकली. पण न्यूयॉर्कचं 'डिस्को ९२', म्हणजे डब्ल्यूकेटीयू, या स्टेशनचा आलेख पाहिला तर तिचा मेळ बसत नाही. स्टेशनं मैदानावर मरत नाहीत. ती प्रोग्रॅम डायरेक्टरच्या टेबलावर मरतात, आणि त्याला वेळ लागतो.

आधी चढण. न्यूयॉर्कमध्ये ९२.३ मेगाहर्ट्झच्या एफएमवर हेच स्टेशन आधी 'मेलो ९२' नावानं संथ रॉक लावायचं आणि श्रोत्यांतला वाटा एक टक्क्याच्या आसपास रेंगाळत होता. २४ जुलै १९७८ च्या संध्याकाळी मालकांनी, म्हणजे एसजेआर कम्युनिकेशन्सनं, सगळं बदलून 'डिस्को ९२' सुरू केलं. आर्बिट्रॉन ही श्रोते मोजणारी कंपनी. तिच्या त्याच शरद ऋतूच्या पाहणीत वाटा ११.३ वर गेला. वर्षानुवर्षं शहरावर राज्य करणारं ५० किलोवॅटचं एएम स्टेशन डब्ल्यूएबीसी खाली ढकललं गेलं. काही महिन्यांत घडलेली अशी उलथापालथ अमेरिकी रेडिओत फार थोडी सापडेल.

यात डिस्कोच्या लाटेचा वाटा होता हे खरंच. पण डब्ल्यूएबीसीही त्यातले मोठे हिट वाजवतच होतं. फरक होता बँडचा. एएमवर रिसीव्हरच्या स्पीकरपर्यंत जेमतेम ५ किलोहर्ट्झ पोचतात, तेही मोनो. एफएमवर १५ किलोहर्ट्झ आणि स्टीरिओ. डिस्कोचा जीव दोन टोकांना असतो : खाली किक ड्रम आणि बास, वर दर दोन ठोक्यांच्या मध्ये उघडणारं हाय-हॅट, म्हणजे ड्रमसेटमधली झांजांची जोडी. एएमवर वरचं टोक कापलंच जातं. नाचायला लावणारी गोष्टच श्रोत्याच्या कानापर्यंत पोचत नाही.

एफएमवरही हे फुकट मिळत नाही. प्रक्षेपणाआधी उंच स्वर मुद्दाम चढवावे लागतात, त्याला प्री-एम्फसिस म्हणतात. अमेरिकेत तो ७५ मायक्रोसेकंद आहे, म्हणजे १५ किलोहर्ट्झपाशी सुमारे १७ डेसिबलची वाढ. ट्रान्समीटरला मात्र ७५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनच्या, म्हणजे लहरीच्या ठरलेल्या हेलकाव्याच्या, पुढे जायची मुभा नाही. हाय-हॅट नेमकं इथे अडतं. मर्यादेबाहेर जाणारा आवाज दाबणारं यंत्र म्हणजे लिमिटर. साधा, सगळ्या पट्ट्याला एकत्र दाबणारा लिमिटर लावला तर प्रत्येक हाय-हॅटला गायिकेचा आवाज बुडतो, आणि प्रत्येक किकला वरची चमक जाते. आवाज धापा टाकतोय असं वाटतं. १९७५ पासून मिळू लागलेल्या ऑर्बनच्या ऑप्टिमॉडसारख्या यंत्रांनी लिमिटर आणि स्टीरिओ सिग्नल तयार करणारा जनरेटर एकाच पेटीत आणले. त्यामुळे मर्यादा न ओलांडता आवाज भरघोस ठेवता येऊ लागला. हे यंत्र नसतं तर एफएमवरच्या डिस्कोला तो भरीव आवाज मिळाला नसता असं माझं ठाम मत आहे.

स्टुडिओतलं कामही रॉक स्टेशनपेक्षा वेगळं. क्लबसाठीची बारा इंची रेकॉर्ड सात-आठ मिनिटांची. तासाला दहा मिनिटं जाहिराती धरल्या तर उरलेल्या वेळात जेमतेम सात गाणी बसतात. म्हणून टेप कापून गाणं लहान करायचं. १२० बीट्स प्रति मिनिट म्हणजे एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. टेप सेकंदाला १५ इंच धावत असेल तर एक ठोका साडेसात इंच, आणि चार ठोक्यांचा एक बार ३० इंच. त्या मापानं बार उचलायचे आणि ब्लेडचा काप किकच्या अगदी आधी घालायचा. काप उशिरा पडला तर किकचं टोक उडतं आणि ताल लंगडतो. फार लवकर घातला तर मागच्या व्हायोलिनांची शेपटी मध्येच तुटते, आणि हे ज्याला संगीत कळत नाही त्यालाही खटकतं.

रेकॉर्ड थेट वाजवायची तर सुरुवातीचा ठोका शोधायला ती सुईखाली पुढेमागे फिरवावी लागते. तीच जागा रोज घासली की तिथे खरखर बसते. म्हणून नवी रेकॉर्ड आली की ती टेप कार्टवर, म्हणजे टेपच्या छोट्या कार्ट्रिजवर, उतरवून घेत. पण कार्टचं दुखणं वेगळं. टेप वाचणाऱ्या हेडसमोरून ती किंचित तिरकी गेली की डाव्या-उजव्या ट्रॅकच्या वेळेत फरक पडतो. स्टीरिओवर तो जाणवत नाही. मोनो रिसीव्हरवर दोन्ही ट्रॅक एकत्र आले की उंच स्वर एकमेकांना खातात, आणि आधी जातं ते हाय-हॅट. त्या काळी टॅक्सीत, दुकानात, स्वयंपाकघरात मोनो रेडिओ भरपूर होते. हेडचा कोन, म्हणजे अझिमथ, नियमित तपासणारा इंजिनिअर नसेल तर स्टेशन अनेक श्रोत्यांसाठी फिकं पडतं आणि कुणाला कारण सापडत नाही.

मोजणीचं गणितही डिस्कोच्या बाजूनं होतं. आर्बिट्रॉन लोकांना आठवड्याची कागदी डायरी द्यायचं. पंधरा मिनिटांच्या खणात पाच मिनिटं ऐकलं की पूर्ण खण स्टेशनच्या नावावर. न थांबणारं संगीत श्रोत्याला एका खणातून पुढच्या खणात घेऊन जातं. शिवाय डायरी भरताना नाव आठवलं पाहिजे, आणि 'डिस्को ९२' विसरणं अवघड. पाको नवारोसारखे निवेदक ते नाव सतत कानावर घालत. हे संगीत ज्यांनी क्लबांत वाढवलं ते कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी लोक. त्यांची गाणी आता शहरातल्या पहिल्या क्रमांकाच्या स्टेशनवर दिवसभर लागत होती. या श्रेयाची नोंद फार कमी ठिकाणी सापडते.

आता उतरण. ११.३ चा आकडा छापून आला आणि देशभरच्या मालकांनी फक्त लेबल उचललं. शिकागोच्या डब्ल्यूडीएआयनं १९७८ च्या नाताळात रॉक सोडून डिस्को धरला. त्यात स्टीव्ह डाल हा निवेदक बाहेर पडला. तो डब्ल्यूएलयूपी या रॉक स्टेशनवर गेला, आणि तिथूनच मैदानावरचा तो प्रकार उभा राहिला : रेकॉर्ड आणा, ९८ सेंटमध्ये आत या. मैदान इतकं खराब झालं की व्हाइट सॉक्स या यजमान बेसबॉल संघाला त्या दिवसाचा दुसरा सामना सोडून द्यावा लागला. त्या जमावात कुणाबद्दल किती द्वेष होता हे उघड होतं आणि त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. जाहिरातदार बिचकले, हेही खरं. पण डब्ल्यूकेटीयूची घसरण न्यूयॉर्कमधल्या कारणांनी झाली.

पहिलं कारण पुरवठा. रेकॉर्ड कंपन्यांनी १९७९ मध्ये कशालाही चार ठोके लावून बाजारात आणलं. ३० रेकॉर्डींची यादी तासाला सातच्या वेगानं चार-सव्वाचार तासांत संपते आणि पुन्हा सुरू होते. यादीत दहाच चांगल्या असतील तर श्रोत्याला ते दोन दिवसांत कळतं. दुसरं, स्टेशनच्या नावातच एका शैलीचं नाव होतं. शैली बदलायला लागली तेव्हा नाव सोडावं लागलं, आणि नावावरच तर डायऱ्या भरल्या जात होत्या. फ्रँकी क्रॉकरच्या डब्ल्यूबीएलएस या न्यूयॉर्कच्याच स्टेशनला ही अडचण नव्हती. तिथे डिस्कोशेजारी सोल, फंक, जॅझ सहज बसायचं. १९८१ मध्ये ९८.७ वर किस एफएम आलं आणि क्लबमधल्या मिक्सची मक्तेदारी तिकडे गेली. १९८३ च्या ऑगस्टमध्ये झेड १०० हे स्टेशन आलं आणि उरलेले तरुण श्रोते घेऊन गेलं. इन्फिनिटी या कंपनीनं डब्ल्यूकेटीयू आधीच विकत घेतलं होतं. १९८५ च्या जुलैत ते नाव गेलं आणि ९२.३ वर के-रॉक हे रॉक स्टेशन सुरू झालं.

मुंबईतल्या खासगी एफएमवाल्यांनी हा इतिहास नीट वाचावा असं मनापासून वाटतं. आपल्याकडेही रॅमच्या, म्हणजे रेडिओ श्रोत्यांच्या, मोजणीसाठी डायऱ्याच भरून घेतल्या गेल्या, आणि आकडा आला की शेजारच्या स्टेशनची यादी उचलायची सवय इथेही लागली. पाच स्टेशनांवर तीच वीस गाणी वाजत असतील तर श्रोता कशासाठी थांबेल?

न्यूयॉर्कमध्ये नाचायचं संगीत ऐकणारे लोक कुठेही गेले नव्हते. १९९६ च्या फेब्रुवारीत १०३.५ वर डब्ल्यूकेटीयू हेच नाव परत आलं, सकाळच्या कार्यक्रमाला रूपॉल आणि मिशेल व्हिसाज बसले, आणि स्टेशन त्याच वर्षी पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलं. या वेळी नावात डिस्को नव्हता.