पांढरा आणि आंधळा म्हणजे केंकिइडी नव्हे

गुहेतल्या प्लॅनेरियनांवरच्या (गोड्या पाण्यातल्या चपट्या कृमींवरच्या) लेखात ‘रंग नाही, डोळे नाहीत, गुहेत सापडला, म्हणजे केंकिइडी कुल’ असं समीकरण मांडलंय. ते चुकीचं आहे. अंधारात राहून रंग आणि डोळे जाणं हे वेगवेगळ्या कुलांत स्वतंत्रपणे घडतं. डेंड्रोसीलिडी कुलातही असे आंधळे, पांढरे प्लॅनेरियन आहेत आणि डोक्याच्या टोकाचा चिकटण्याचा अवयव दोन्हीकडे आढळतो.

खरा फरक घशाच्या आतल्या स्नायूंत. केंकिइडीत वर्तुळाकार आणि उभे तंतू वेगळ्या थरांत असतात, डेंड्रोसीलिडीत ते एकमेकांत मिसळलेले. म्हणून घशाचा आडवा छेद (पातळ काप) पाहिल्याशिवाय कुल सांगूच नये. प्राणिशास्त्रज्ञ लिबी हायमन यांनी १९३७ मध्ये केंकिइडी कुल मांडलं. त्यात केंकिया आणि स्फॅलोप्लाना या दोन प्रजाती, दोन्ही उत्तर अमेरिकेतल्या. (‘प्रजाती’ म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट; लेखात हा शब्द जातीसाठी वापरलाय, तिथेही घोळ.)

जात ठरवायला पूर्ण वाढलेला, जननेंद्रियं तयार झालेला कृमी लागतो. पिल्लू कितीही सुबक कापलं तरी उपयोग नाही. थेट अल्कोहोलमध्ये टाकलात तर तो आक्रसतो आणि छेद वाकडे येतात. डीएनएसाठी मात्र शुद्ध अल्कोहोलच हवं. तेव्हा दोन नमुने, दोन बाटल्या.

आणि कुणी तर हे कृमी मुंबईच्या कान्हेरी लेण्यांत शोधायला निघालंय. ती लेणी बेसॉल्टमध्ये माणसांनी कोरलेली, तिथल्या पोढ्या (कोरलेली टाकी) पावसाच्या पाण्याच्या. केंकिइडी तिथे कुठून येणार?