कोहळ्यातला पाहुणा

गावी गेलो की माझी खरी तोंडी परीक्षा थोरले काकाजी विहिरीवर घेतात. या हिवाळ्यात यवतमाळकडच्या आमच्या शेतात हरभऱ्याला रात्रीची लाईन होती. काकाजी स्टार्टरजवळ घोंगडी पांघरून बसले होते आणि सोबतीला मी होतो.

"तू तिकडं काय करून राह्यला?"

"रिलॅक्सेशनचा अभ्यास," असे मी प्रामाणिकपणे सांगितले आणि फसलो.

"म्हंजे आराम कराचा पगार भेटते?"

आराम अणुकेंद्रकांचा असतो, माझा नव्हे, हे पटवणे अवघड होते. समोर छपरावर कोहळे दिसले. कुकुर्बिटुरिल या पिंजऱ्यासारख्या रेणूचे नावच भोपळ्याच्या कुळावरून पडले आहे, म्हणून तिथूनच सुरुवात केली. कोहळे पोखरून आत पाहुणा, म्हणजे एक छोटा रेणू, बसवायचा, दोघांना पाण्यात सोडायचे, चुंबकात ठेवून अणुकेंद्रकांना रेडिओलहरींचा धक्का देऊन उलटे करायचे आणि ती मूळ स्थितीत किती वेगाने परततात, म्हणजेच रिलॅक्स होतात, ते मोजायचे. पाहुणा आत घट्ट बसला असेल तर तो कोहळ्यासोबतच संथ गिरक्या घेतो आणि त्याच्या कार्बनची केंद्रके लवकर परततात. सैल असेल तर आतल्या आत स्वतंत्र फिरतो आणि त्यांना परतायला वेळ लागतो. पण हे टिपता येणारे कार्बन शंभरात जेमतेम एक, 1.1 टक्के, त्यामुळे तेच मोजमाप शेकडो वेळा करावे लागते. शिवाय हा परतीचा वेग ज्या काळात मोजतात त्या रिलॅक्सेशन-काळाच्या पाचपट दर वेळी थांबल्याशिवाय केंद्रके 99 टक्क्यांवर पूर्वपदाला येत नाहीत.

"म्हंजे रातभर बसूनच राहा लागते," काकाजी म्हणाले. एवढे अचूक आकलन आमच्या एकाही परीक्षकाने दाखवलेले नाही.

मग मी माझे दुखणेही सांगून टाकले. मागच्या महिन्यात 5 मिलिमीटरची काचनळी गोठवून, हवा उपसून, पुन्हा वितळवण्याचा सोपस्कार मी घाईत एकदाच उरकला होता. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन स्वतःच चुंबकीय असल्यामुळे केंद्रकांना लवकर खाली बसवतो. सकाळी सगळे आकडे खोटे निघाले आणि यंत्राची पाळी पुन्हा लागायला तीन आठवडे गेले.

"थोड्याशा हवेपाई?" काकाजींनी अविश्वासाने विचारले.

दोन वाजता लाईन आली. काकाजींनी बटण दाबले, मोटार घुमू लागली, पण पाटात थेंब पडेना. त्यांनी पाइपाला कान लावला, मोटार बंद केली आणि माझ्याकडे न बघता बादली पुढे केली.

"हवा धरली. भर पाणी."