समजूत काढायला सवड लागते

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. तीनेक वर्षांची मुलगी जमिनीवर लोळण घेऊन किंचाळतेय आणि आई शेजारी मांडी घालून सांगतेय, ‘तुला राग आलाय, मला दिसतंय.’ दहा मिनिटांत रणधुमाळी सुरू. काका म्हणाले, ही सगळी परदेशी थेरं. चुलतभावानं लिहिलं, ‘आम्ही फटके खाऊनच मोठे झालो, आमचं काय बिघडलं?’ त्यावर धाकट्या वहिनीनं लांबलचक मजकूर टाकला, त्यात ‘जेंटल पेरेंटिंग’ (म्हणजे न मारता, समजून घेत मूल वाढवणं) किमान आठ वेळा होतं. शेवटी मोर्चा माझ्याकडे वळला: तू स्वीडनमध्ये राहतोस, तूच सांग, तिकडे पोरांना हातसुद्धा लावता येत नाही ना?

नाही येत. मुलांना घरातही मारायचं नाही, असं कायद्यानं ठरवणारा स्वीडन हा जगातला पहिला देश, १ जुलै १९७९ पासून. पण ‘त्यांची संस्कृतीच वेगळी’ असं जे आपल्याकडे लगेच म्हटलं जातं, ते मला पटत नाही. शिस्तीसाठी दिलेल्या माराला स्वीडिशमध्ये ‘आगा’ असा खास शब्द आहे. जिथे शब्द आहे तिथे ती गोष्टही भरपूर होती, हे उघड आहे. प्राथमिक शाळांतली छडीसुद्धा १९५८ मध्ये गेली, म्हणजे आज नातवंडं खेळवणाऱ्या कित्येकांच्या बालपणी. १९७९ चा कायदा आला तेव्हा सरकारनं त्याची माहिती दुधाच्या खोक्यांवर छापली होती. सकाळी टेबलाशी बसलेल्या आईबापांना आणि पोरांना ती एकाच वेळी वाचता यावी, ही कल्पना मला फार आवडते. खुद्द त्या कलमात शिक्षा लिहिलेली नाही. मुलाच्या व्यक्तित्वाचा मान राखा, मारू नका, पाणउतारा करू नका, एवढंच ते सांगतं. मारहाणीचा गुन्हा फौजदारी कायदा बघून घेतो.

आणि आपण अगदीच कोरे आहोत असंही नाही. भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही बंदी आहे. फक्त ते कलम घराच्या उंबऱ्याशी थांबतं.

कायद्यानं हात थांबतो. थांबलेल्या हाताचं पुढे काय करायचं, हे मात्र मला मुलाच्या बालशाळेच्या बाहेरच्या खोलीत कळलं. हिवाळ्यात बाहेर खेळायला जाताना इथली मुलं अंगभर एकसंध जाड पोशाख चढवतात, वर बूट, टोपी, हातमोजे. त्या सकाळी मुलगा साडेतीन वर्षांचा होता. एक हातमोजा चढला, दुसरा त्यानं फेकला. मी उचलून दिला, त्यानं पुन्हा फेकला आणि मग भिंतीला लाथा घालत असा गळा काढला की बाकीचे आईबाप मान खाली घालून बुटांच्या नाड्या बांधू लागले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. खरं सांगतो, त्या क्षणी पोराची काळजी वगैरे काही नव्हती. लोक बघताहेत, एवढंच डोक्यात होतं.

त्याच्या बाई आल्या आणि जमिनीवर बसल्या. त्याच्या अंगाला हात लावला नाही, गोड गोड बोलल्याही नाहीत. हातमोजा उचलून त्यात दोन बोटं घातली. आतलं अस्तर गोळा होऊन अंगठ्याच्या जागेत बोळा बसला होता. पोरगं मघापासून अंगठा आत घालायचा प्रयत्न करत होतं आणि मी ‘चल चल, उशीर होतोय’ म्हणत होतो. बाईंनी अस्तर बाहेर ओढलं, सरळ केलं आणि हातमोजा त्याच्यासमोर ठेवून दिला. घातला नाही. त्याचा हुंदका ओसरायला आठ-दहा मिनिटं लागली असतील, मग त्यानं तो स्वतः घातला.

त्या आठ-दहा मिनिटांचा विचार मी पुष्कळ केला. बाईंचा स्वभाव शांत होता, हे आहेच. पण बाकीची मुलं सांभाळायला बाहेर दुसऱ्या बाई होत्या, म्हणून यांना बसता आलं. माझ्या रजेचंही तसंच. इथे एका मुलामागे आईबापांना मिळून ४८० दिवसांची पगारी रजा असते, त्यातले प्रत्येकी ९० दिवस दुसऱ्याला देता येत नाहीत. मी सात महिने घरी होतो. (‘बायको काय करते मग?’ हा प्रश्न तिकडून पाच जणांनी विचारला.) दिवसभर एकट्यानं मूल सांभाळल्यावर कळतं की संध्याकाळचा थयथयाट दुपारच्या मोडलेल्या झोपेतून येतो, आणि नवीन माणसासमोरचा आगाऊपणा बऱ्याचदा बावरल्यामुळे असतो. हे पुस्तकात वाचता येतं, पण ओळखू यायला सोबत राहावं लागतं.

आवेग आवरण्याचं काम मेंदूच्या कपाळामागच्या ज्या भागाकडे असतं, तो पुरता पिकायला पंचविशी उजाडते. तीन वर्षांच्या मुलाला ‘स्वतःवर ताबा ठेव’ म्हणणं म्हणजे नसलेली वस्तू मागणं. तो ताबा काही काळ मोठ्या माणसानं उसना द्यायचा असतो. याचा अर्थ मागेल ते द्या असा मात्र नाही, आणि इथे वहिनीच्या बाजूचे लोक घसरतात. डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकातच धाक दाखवणारे पालक, सगळं चालवून घेणारे पालक आणि मायेनं वागूनही नियम न सोडणारे पालक असा फरक मांडला होता. हातमोजे त्या दिवशीही घालावेच लागले. बाहेर उणे नऊ होतं.

काकांचं ‘परदेशी थेरं’ मला खुपतं ते वेगळ्या कारणासाठी. समजूत काढणं हा शब्द कुठून आला? मुलाच्या मनात काय चाललंय त्याला आपल्या भाषेइतके शब्द मला इथे सापडत नाहीत. इथल्या मुलांच्या तोंडी ‘लेडसेन’ हा एकच शब्द दुःख, दुखावणं, वाईट वाटणं सगळ्यांसाठी येतो. आपल्याकडे मूल रुसतं, हिरमुसतं, खट्टू होतं, कानकोंडं होतं, भेदरतं, बावरतं, धुसफुसतं. हे शब्द कुणीतरी मुलांकडे नीट बघूनच केले असणार. मग आपण त्यातला ‘हट्टी’ तेवढा का वापरतो? मी मुलाशी मराठीत बोलतो, आणि ‘तू चिडलायस की हिरमुसलायस?’ असं विचारलं की तो रडता रडता थांबून विचार करतो. एकदा म्हणाला, ‘आधी हिरमुसलो, मग चिडलो.’

इथल्या व्यवस्थेचं कौतुक सांगताना एक गोष्ट लपवणार नाही. संध्याकाळी सहानंतर ती घरी नसते. दार बंद, बाहेर अंधार, आत थकलेले दोन आईबाप आणि पेटलेलं एक पोर. भरल्या घरात अशा वेळी ‘इकडे दे त्याला’ म्हणणारं कुणीतरी असतं, ते ‘एक ठेवून दे’ असंही म्हणतं हे खरं, पण निदान मूल आपल्या हातातून तरी घेतं. इथे माझा आवाज चढला तेव्हा मध्ये पडायला कुणी नव्हतं. मी इतक्या जोरात ओरडलो की तो टेबलाखाली जाऊन बसला. अर्ध्या तासानं मीही टेबलाखाली गेलो आणि म्हणालो, बाबाचं चुकलं. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तान्ह्या मुलांचा आणि आयांचा बारकाईनं अभ्यास केला, त्यांचं म्हणणं असं की दोघांचा मेळ सतत बसलेला नसतोच. तो तुटतो आणि पुन्हा जुळवला जातो, मूल शिकतं ते या जुळवण्यातून. आपल्याकडे मोठ्यांनी लहानाची माफी मागण्याची रीत नाही. ‘धाक राहणार नाही’ म्हणतात. टेबलाखाली धाकाचं काय झालं कोण जाणे, पोरानं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं.

ग्रुपवर मी यातलं काही लिहिलं नाही, आईला फोन केला. ती त्या वादात एक अक्षर बोलली नव्हती. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, ‘तुला एकदा मी खोलीत कोंडलं होतं, आठवतं का रे? पाहुणे होते, तू काही ऐकेनास.’

आठवतं म्हटलं.

‘पाचच मिनिटं असशील,’ ती म्हणाली. मग थोडं थांबून, ‘का जास्त होतं?’

मला ती अख्खी दुपार आठवते. दाराखालच्या फटीतून पाहुण्यांच्या पायांच्या सावल्या दिसत होत्या. मी म्हणालो, ‘असेल पाच मिनिटं.’