40 हजारांखालची गिटार खेळणं नसते

सोयाबीनचे पैसे हातात आले की लातूरच्या माझ्या गिटारच्या क्लासात पालकांची ये-जा वाढते. यंदा एका विद्यार्थ्याचे वडील औशाहून आले, मोबाईल पुढे केला आणि म्हणाले, "सर, हे वाचा. पोरगं म्हणतंय सतरा हजाराची घेऊ, अन् ह्यात लिहिलंय चाळीसच्या खाली हातच लावू नका. मी काय करू, सांगा." तो मेसेज मला त्याआधीच चार जणांनी पाठवला होता. त्यात पाच दावे आहेत. 40 हजारांखालची इलेक्ट्रिक गिटार म्हणजे खेळणं, तिच्यावर शिकलं की हात बिघडतो. मान (गिटारचा लांब दांडा) बोल्टनं जोडलेली असेल तर माल हलका. लाकूड जितकं जड आणि महाग, तितका आवाज भारी. चीन-इंडोनेशियाचा शिक्का दिसला की परत करा. आणि चांगली गिटार डब्यातून काढली की थेट वाजते, सेटअप (मान, फ्रेट, तारांची उंची नीट जुळवून घेणं) हा दुकानदारांचा धंदा आहे.

शेवटच्या दाव्यापासून सुरुवात करतो, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त नुकसान त्यानंच होतंय.

मी स्वतः एकदा सत्तर हजारांवरची गिटार पुण्याहून आणली. महिना जानेवारी, दुकान एसीतलं, मान लोण्यासारखी. मे उजाडला, लातूरचा पारा 41 वर गेला आणि त्याच मानेच्या कडेवरून बोट सरकवलं तर करवतीच्या पात्यावरून फिरवल्यासारखं वाटू लागलं. फ्रेटची, म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं बाहेर आली होती. कंपनीनं फसवलं असं मला त्या दिवशी वाटलं, पण तसं नव्हतं. कोरड्या हवेत लाकूड रुंदीला आकसतं, धातूचा फ्रेट आहे तेवढाच राहतो, मग त्याचं टोक कडेबाहेर डोकावणारच. ज्यांच्या घरी लाकडी चाकांची बैलगाडी होती त्यांना हे वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात चाक सुकलं की लोखंडी धाव ढिली होते आणि चाक पाण्यात ठेवावं लागतं. लाकूड तेच, हवा तीच. किंमत बघून हवा सूट देत नाही.

त्या दुपारी मानेच्या कडेला मास्किंग टेप लावून, बारीक कानस घेऊन बसलो. 22 फ्रेट, म्हणजे 44 टोकं. एकेक टोक तिरकं घासायचं, बोट फिरवून बघायचं, पुढच्यावर जायचं. अंधार पडेपर्यंत गिटार परत हातात धरण्यासारखी झाली.

पावसाळ्यात उलटा खेळ होतो. हवेत ओल भरते, लाकूड फुगतं, मानेचा बाक बदलतो आणि तारा वर उचलल्यासारख्या होतात. यासाठी मानेच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटचा फ्रेट बोटानं दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट बघा. व्हिजिटिंग कार्ड अलगद सरकेल एवढी ठीक. जास्त असेल तर ॲलन कीनं ती सळई एकावेळी पाव फेरा फिरवा, त्याहून जास्त नको. आणि एक कळकळीची विनंती, गिटार कूलरसमोर ठेवू नका. दुपारभर ओला वारा आणि कूलर बंद झाला की सुका, हा रोजचा मारा कुठलंच लाकूड सोसत नाही.

आता "हात बिघडतो" हा दावा. हात बिघडतो हे खरं आहे, पण तो कशानं बिघडतो ते मेसेज सांगत नाही. मानेच्या वरच्या टोकाला, जिथून तारा ट्यूनिंग कीकडे (तारा आवळायच्या खुंट्यांकडे) जातात, तिथे नट असतो, खाचा असलेली छोटी पट्टी. त्याच्या खाचा उथळ राहिल्या तर तारा पहिल्या फ्रेटपासून फार उंच राहतात. मग एफ कॉर्ड (अनेक तारा एकदम दाबून वाजवायचा सूरमेळ) पकडताना पोरं रडकुंडीला येतात, आणि पकडलाच तर सूर चढा लागतो, कारण दाबताना तार जास्त ताणली जाते. तपासायला अर्धं मिनिट लागतं. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते बघा. केसभर हवी. जास्त असेल तर खाच घासून घ्यायची. मिरजेचा तंबोरा कितीही भारी घेतला तरी जवारी (घोडीवरची तारेची बैठक) नीट लागल्याशिवाय तो बोलत नाही, हे आपल्याकडच्या भजनी मंडळींना ठाऊक आहे. गिटारच्या नटाला तीच माया लागते.

यातूनच किमतीचं खरं गणित समजतं. आज मान आणि बॉडी बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटरवर चालणारी मशीनच कापते, स्वस्तातली असो की महागातली. फरक पडतो शेवटच्या हातकामात: फ्रेट एका पातळीत आणणं, टोकं गोल करणं, नट घासणं. जास्तीच्या पैशातला मोठा वाटा त्या तासांचा असतो. बाकी चांगल्या ट्यूनिंग की, बरे स्विच, बरे पिकअप (तारेची थरथर विजेत बदलणारे भाग). म्हणजे मेसेज ज्याला धंदा म्हणतोय त्याचेच पैसे तुम्ही महाग गिटारीत मोजत असता, आणि तेच काम इथल्या कारीगराकडून थोड्या पैशात करून घेता येतं.

एक गोष्ट मात्र मेसेजची मान्य. गिटार, अँप (आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा), बॅग, पट्टा असं सगळं मिळून सहा-सात हजारांत येणाऱ्या संचापासून लांब राहा. फ्रेट वरखाली, ट्यूनिंग की दोन गाण्यांत ढिल्या. त्यातली गिटार दुरुस्त करायला बसलो तर गिटारीपेक्षा मजुरी जास्त होते. मी असल्या तीन परत पाठवल्या आहेत.

बोल्टचा दावा चुकीचा आहे. लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला गिटार वाजवता येत नव्हती. 1950 च्या सुमारास त्यानं जी गिटार बाजारात आणली, पुढे जिचं नाव टेलिकास्टर झालं, तिची मान स्क्रूनं जोडली होती. कारखान्यात झटपट जुळावी आणि खराब झाली तर बदलता यावी, म्हणून. 1954 ची स्ट्रॅटोकास्टरही तशीच. जगभर ज्यांची नक्कल होते त्या या गिटारी मुळात परवडाव्यात म्हणूनच अशा बांधल्या गेल्या.

जड लाकडाचं म्हणाल तर पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. स्टीलची तार त्यावर थरथरली की वेढ्यांत वीज तयार होते, आणि अँपमधून ऐकू येतो तो आवाज त्या विजेचा, लाकडाच्या वजनाचा नाही. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी 1940 च्या आसपास चक्क पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवून वाजवून दाखवलं. बारा वर्षांच्या पोराच्या खांद्याला मात्र चार किलो नक्की कळतात.

देशाच्या शिक्क्याबद्दलही तेच. फेंडर कंपनीनं 1982 मध्ये स्क्वायर हे नाव वापरून जपानमध्ये स्वस्त गिटारी बनवायला घेतल्या, आज त्याच गिटारी लोक शोधून शोधून घेतात. आणि अमेरिकेत बनलेल्या कितीतरी गिटारींच्या मानेवरची पट्टी आपल्या भारतातल्या शिसवाची असते.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट सांगतो, कारण ती जिवाची आहे. गिटारच्या तारा वायरमार्गे अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. घरात किंवा गणपतीच्या मांडवात अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटमध्ये कसाबसा खुपसला असेल, तर गुंई-गुंई तर होतेच, शिवाय माईकला ओठ लागला की झटकाही बसू शकतो. गिटार बदलण्याआधी वायरमनला बोलवा.

औशाच्या त्या दादांनी शेवटी सतराचीच घेतली. सोबत छोटा अँप, आणि दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन सेटअपसाठी माझ्याकडे आले. नटाच्या दोन खाचा उथळ होत्या, त्या घासल्या. उरलेले पैसे रब्बीच्या हरभऱ्याला गेले. पोराला मी मे महिन्यात गिटार घेऊन परत यायला सांगितलंय, 44 टोकं तपासायला.